लाकडाच्या लेथवर स्क्रेपर : कोणता घ्यायचा, धार कशी लावायची, कसा चालवायचा

स्क्रेपर म्हणजे फिरत्या लाकडाला लावायची जाड, चपटी पाती असलेलं हत्यार. लाकूड कातायला शिकणारी पोरं माझ्या शेडमध्ये येतात ती त्याच्याबद्दल एक पक्का समज घेऊनच. ज्याला गाउज (पन्हळीसारखी गोल पटाशी) जमत नाही त्याने स्क्रेपर वापरावा, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मला हे अजिबात मान्य नाही. वाडग्याचा आकार गाउजनेच येतो, पण आतली भिंत वळून तळाला मिळते तिथे गाउजचे बारीक उंचवटे राहतात, आणि ते काढायला स्क्रेपरइतकं चांगलं हत्यार नाही. अट एकच, त्याला धार हवी. धारेचा स्क्रेपर लाकूड चक्क कापतो. खात्री करायची तर लेथखाली काय पडतंय ते बघा. खोबऱ्याच्या किसासारख्या पातळ, मऊ कुरळ्या पडत असतील तर हत्यार कापतंय. नुसता भुसा उडत असेल तर ते घासतंय. अशा वेळी जोर वाढवायचा नाही, थांबायचं आणि ग्राइंडरकडे जायचं.

उमेदीची सगळी वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाच्या लेथवर काढली, लाकूड नंतर हातात आलं. त्यामुळे स्क्रेपरची एक गोष्ट मला पहिल्यापासून फार महत्त्वाची वाटली, ती म्हणजे बर. ग्राइंडरवर धार लावताना पातीच्या वरच्या अंगाला धातूची अगदी बारीक कड उभी राहते, ती बर. लोखंडाच्या जॉबवर बर राहिली तर माल परत येतो, म्हणून ती काढून टाकायचा आमचा रिवाज. लाकडाच्या स्क्रेपरवर मात्र सगळं काम तीच करते. स्क्रेपरचा कोन ७० ते ८० अंशांचा, म्हणजे तसा बोथटच. एवढ्या बोथट कोनाने लाकडाचे तंतू सरळ कापले जाणार नाहीत. वर वळलेली ती कड तंतूंखाली शिरते आणि कुरळी काढते. पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी, म्हणजे कोन, उंची, हात कसा धरायचा, या एका कडेवरूनच ठरतात.

विकत घेताना

आधी जाडी बघा, रुंदी नंतर. बाजारात ६ मिमी जाडीचे हलके स्क्रेपर स्वस्त मिळतात आणि नवखे तेच उचलतात. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीऐवजी १० मिमी जाड पाती घेतली की ती सुमारे साडेचार पट ताठ होते. टूल रेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या लोखंडी आडव्या पट्टीपासून, पाती किती पुढे निघालीय त्यालाही हाच हिशेब लागू. पुढे निघालेली लांबी दुप्पट झाली की तितक्याच दाबाला पाती आठपट वाकते. खोल वाडग्यात पाती थरथरते आणि भिंतीवर एकसारख्या लाटा उमटतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आतल्या कामाला १० मिमी जाड, २५ मिमी रुंद पाती आणि हातभर लांब मूठ, यात तडजोड करू नका.

पोलाद एचएसएस (हाय स्पीड स्टील) असावं. नेहमी मिळतं ते एम-२, त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असतं. लाकडाला एवढं कशाला, असं वाटेल, पण वेगाचा हिशेब करून बघा. लोखंडाच्या लेथवर माइल्ड स्टील एचएसएस टूलने कापायचं तर वेग मिनिटाला साधारण ३० मीटर. १० इंची काठवट ७५० आरपीएमने फिरते तेव्हा तिचा काठ मिनिटाला जवळजवळ ६०० मीटर धावतो, म्हणजे वीसपट. त्यात लाकूड सागाचं असेल तर त्याच्या अंगात सिलिका असते, ती धार भराभर खाते. साध्या कार्बन पोलादाची कड इथे फार वेळ तग धरत नाही.

पात्यांचे आकार डझनभर मिळतात, सुरुवातीला तीन पुरतात. पहिला, डाव्या बाजूने मागे वळत गेलेला गोल टोकाचा, वाडग्याच्या आतल्या कामासाठी. माझ्या हातात सर्वात जास्त असतो तो हाच. दुसरा सरळ टोकाचा, पण धार किंचित फुगीर आणि दोन्ही कोपरे मारलेले. अगदी सरळ धार आणि टोकदार कोपरे ठेवलेत तर कोपरा लाकडात घुसणार म्हणजे घुसणारच. तिसरा १२ मिमी रुंद, चौकोनी, डबीच्या झाकणाची खाच किंवा चकने (लाकूड पकडणाऱ्या पंजाने) धरायचा खळगा साफ करायला. यापेक्षा जास्त काही पहिल्या वर्षात घेऊ नका. पैसे उरले तर चांगल्या ग्राइंडरच्या चाकावर घाला.

घरी बनवायचा असेल तर जुन्या कानशीपासून बनवू नका. गावोगाव लोक कानस घासून पटाशी करतात, स्क्रेपर करतात. पण कानस आरपार कडक केलेली असते आणि ठिसूळ असते. फिरत्या लाकडाचा झटका बसला तर ती काचेसारखी तडकते आणि तुकडा तोंडाच्या दिशेने येतो. पाणी उतरवल्याशिवाय, म्हणजे तापवून तिचा ठिसूळपणा कमी केल्याशिवाय, तिला लेथवर जागा नाही. त्यापेक्षा लेथवाल्याकडून पाव इंची चौकोनी एचएसएस बिट आणा. पाव इंची चौकोनाचा कर्ण जवळपास ९ मिमी येतो, म्हणून १८-२० मिमी जाडीच्या गोल बारच्या टोकात ९ मिमीचं भोक पाडलं की बिट त्यात नेमका बसतो. वरून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) आवळा. बिटचा वरचा पृष्ठभाग बारच्या मध्यरेषेच्या जवळ ठेवा, नाहीतर दाब आला की बार हातात पिळतो. बारच्या खालच्या अंगाला सपाटी काढा, म्हणजे रेस्टवर लोळणार नाही. टोक ग्राइंडरवर गोल करा. अरुंद तोंडाच्या खोल भांड्यासाठी असा स्क्रेपर एक नंबर चालतो, आणि बिट झिजला तर बदलता येतो.

धार

आपल्याकडचे बरेचसे छोटे बेंच ग्राइंडर २८०० आरपीएमचे आणि राखाडी चाकाचे असतात. ते चाक ओतीव लोखंडाच्या धारा मारायला ठीक, एचएसएसला पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक लावा, ८० नंबरचं. १४०० आरपीएमचा ग्राइंडर मिळाला तर जास्त चांगला.

जुनी कड आधी काढायची. पातीचा वरचा पृष्ठभाग डायमंड प्लेटवर (हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्टीवर) सपाट ठेवून थोडा घासा, कड निघून जाईल आणि पृष्ठभाग चकचकीत होईल. ही पायरी बहुतेक जण गाळतात. वरचा पृष्ठभाग खरखरीत असेल तर नवी कडही करवतीसारखी दातेरी येते आणि तेच दाते लाकडावर रेघा ओढतात.

मग ग्राइंडरचं टेबल ७० ते ७५ अंशांच्या धारेला जुळवा. जुळलंय का ते बघायला बेव्हलवर, म्हणजे धारेच्या उतारावर, काळा मार्कर फिरवा, चाक हाताने एकदा फिरवून पाती टेकवा. शाई वरून खालपर्यंत सारखी पुसली गेली तर कोन बरोबर. पाती टेबलावर सपाट, वरचं अंग वरच्या बाजूला, आणि एका बाजूकडून दुसरीकडे न थांबता हलक्या हाताने झुलवत न्यायची. वरच्या कडेवरून ठिणग्या ओघळायला लागल्या की चाक धारेपर्यंत पोचलं. तिथे थांबा. एचएसएसचं टोक निळं पडलं म्हणून घाबरू नका, त्याचं टेंपरिंगच (पाणी उतरवणं) ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास झालेलं असतं. पण तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. कार्बन पोलादाचं उलटं. ते निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, म्हणून ते घडीघडी पाण्यात बुडवत धार लावायची.

कड आली का ते बोटाने बघायचं. बोट पातीच्या वरच्या अंगावरून धारेच्या बाहेर ओढा, धारेच्या लांबीवरून कधीही नाही. सगळीकडे सारखी अडकायला हवी. एखाद्या जागी बोट सुळकन सटकलं तर तिथे कड नाही, परत चाकावर.

ग्राइंडरची कड शिसव, चिंच, बाभूळ अशा घट्ट लाकडाला पुरते. शेवटच्या हातासाठी मी ती डायमंड प्लेटवर काढून टाकतो आणि दाबून नवी उठवतो. त्यासाठी कार्बाइडची दांडी लागते. मशीन शॉपमध्ये मोडलेल्या सॉलिड कार्बाइड एंडमिलचा (लोखंड कापायच्या कटरचा) मागचा गोल भाग भंगारात पडलेला असतो, तो मागून आणा. लाकडी मुठीत बसवा, धारेवर किंचित तिरका धरून खालून वर एकदा-दोनदा दाबून ओढा. ही कड ग्राइंडरच्या कडेपेक्षा एकसारखी आणि जास्त टिकाऊ असते.

आता टिकण्याचं. कुठलीही कड फार काळ टिकत नाही, हे आधीच मनाशी धरून चाला. बाभळीच्या वाडग्यात आतून एक-दोन हात फिरवले की ती मंदावते. ग्राइंडर लेथपासून चार पावलांवर असावा. लांब असेल तर माणूस आळस करतो आणि बोथट पातीवर जोर देत बसतो.

रेस्टची उंची

इथे आतलं आणि बाहेरचं काम वेगवेगळं आहे, आणि कारण समजून घेतलंत तर पाठांतर लागत नाही. स्क्रेपरला झटका बसला की टोक खाली जातं. म्हणून टोक खाली गेल्यावर ते लाकडापासून सुटेल की लाकडात घुसेल, एवढाच प्रश्न असतो. वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर मध्यरेषेच्या (लाकूड ज्या अक्षावर फिरतं त्या उंचीच्या) खाली लाकूड मागे सरकत जातं. तिथे धार मध्यावर किंवा केसभर खाली ठेवली तर टोक मोकळ्या जागेत जातं. आतल्या अंगाला उलटं. मध्याखाली भिंत आत, म्हणजे टोकाकडे येते. म्हणून आत धार मध्याच्या किंचित वर ठेवायची, म्हणजे टोक खाली गेलं तरी रुंद जागेत जाईल. तळाच्या अगदी मध्यबिंदूवर मात्र धार बरोबर मध्यावर हवी, नाहीतर तिथे टोचासारखी गाठ उरते.

मूठ नेहमी टोकापेक्षा थोडी वर. पाती उतरती धरली की कड लाकडावरून ओढली जाते. मूठ खाली गेली तर कड समोरून भिडते आणि टूल अडकतं. आणि काम फक्त मध्यापासून डाव्या अर्ध्यात करायचं, जिथे लाकूड खाली येतं. उजव्या अर्ध्यात ते वर जातं आणि पाती रेस्टवरून उचलतं.

काठवटीच्या आतून

समजा भाकरीचं पीठ मळायला १० इंची काठवट कातलीय, बाभळीची. पूर्वी बैलगाडीच्या चाकाला हेच लाकूड घालायचे, इतकं ते घट्ट. गाउजचं काम झालं, भिंत दीड-दोन सेंटीमीटरवर आली. वेगाचा माझा नियम असा : व्यासाचे इंच गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० मध्ये यावं. १० इंचाला ६०० ते ९००, आणि स्क्रेपरला मी खालच्या बाजूला राहतो.

पहिलं काम काठाचं. हा क्रम मोडू नका. आतलं लाकूड निघत जातं तसा काठ मोकळा होतो आणि लंबगोल व्हायला लागतो, लाकडातला ताण सुटतो म्हणून. भिंत जाड आहे तोवर काठापासून दोन इंच आत एवढा भाग स्क्रेपरने पुरा करून टाका आणि मग त्याला परत हात लावू नका. तळ झाल्यावर काठावर पाती नेली की लंबगोल काठ दर फेऱ्यात दोनदा पातीवर आपटतो. पातळ काठ अशा वेळी किंचाळतो, आणि पुढचा झटका तो फोडतो.

मग भिंतीवरून तळाकडे. रेस्ट आत घ्या, जमेल तितका जवळ. आत जाणारा वाकडा रेस्ट असेल तर फारच छान. लेथ सुरू करण्याआधी काठवट हाताने एक फेरा फिरवून रेस्टला लागत नाही ना ते बघा. डावा हात पाती आणि रेस्ट दोन्हींवर, उजवा हात मुठीवर, मूठ कमरेला टेकलेली. हात एकटे नाचवायचे नाहीत, कमरेतून अंग वळवायचं. पाती आधी रेस्टवर टेकवा, मग हळूच लाकडाला. धारेचा एका वेळी बोटाच्या नखाएवढाच भाग लाकडाला लागू द्या. सगळी गोलाई एकदम भिडवली तर कोणाच्याही हातात पाती थरथरेल.

दाब इतका कमी की मूठ दोन बोटांत धरता यावी. बाभळीत धार बरोबर असेल तर हातात एकसारखी बारीक घरघर जाणवते आणि आवाजही एकसारखा येतो. आवाजात टकटक आली तर कुठेतरी उंचवटा आहे. तो अजून हलक्या हाताने, दोन-तीन फेऱ्यांत काढा. भिंत आणि तळ मिळतात त्या वळणावर पाती थांबवू नका, थांबलीत तर तिथेच खड्डा पडतो. वळण एका दमात, काठाकडून मध्याकडे. मग लेथ बंद करा आणि विजेरी आडवी धरून बघा.

विजेरीत समोरासमोर दोन ठिगळं दिसतील, खरखरीत, जरा गडद. आडव्या लाकडाच्या वाडग्यात एका फेऱ्यात दोन ठिकाणी हत्यार तंतूंच्या विरुद्ध जातं, तिथे ते उपटले जातात. आंब्यात आणि फणसात हे जास्त होतं, बाभळीत कमी. लाकूड ओलं असेल तर सगळीकडेच रोवा उठतो. स्क्रेपर वाळलेल्या लाकडाचंच हत्यार आहे. आणि पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाच्या वाट्याला तर त्याने जाऊच नये. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार ज्या लाकडाची होतात ते हेच. तिथे तिरप्या धारेच्या पटाशीला पर्याय नाही, स्क्रेपरने त्याचा नुसता कापूस होतो.

दोन वेगळ्या पद्धती

बाहेरच्या अंगावर तंतू उपटत असतील तर पाती तिरपी उभी करा. सपाट ठेवण्याऐवजी रेस्टवर तिच्या एका लांब बाजूवर उभी करायची, साधारण ४५ अंशांत, आणि धारेचा खालचा अर्धा भागच लावायचा. कड तंतूंना आडवी न भिडता तिरकी सरकते आणि सुताएवढ्या बारीक कुरळ्या निघतात. वरचा अर्धा भाग लाकडाला लागला तर पाती आपटून सपाट पडते, तेवढं जपा. पातीच्या खालच्या कडा आधी ग्राइंडरवर गोल करून घ्या, नाहीतर त्या रेस्टला खाचा पाडतात आणि पाती सरकण्याऐवजी अडखळते. आतल्या अंगाला मी हे करत नाही, तिथे धोका जास्त.

दुसरी म्हणजे निगेटिव्ह रेकची पाती, वरूनही उतार दिलेली. वरून ३० अंश, खालून ४० अंश, मिळून ७०. ही रेस्टवर अगदी आडवी धरायची, मूठ उचलायची गरज नाही, कारण उतार तिच्या अंगातच आहे. ती सहसा अडकत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याला धीर येतो. पण तिची कड मिनिटाभरात जाते, आणि लाकूड ती फार थोडं काढते. शिसवीच्या डबीचं झाकण, चिंचेचा छोटा वाडगा, अशा घट्ट लाकडाच्या शेवटच्या हाताला ती उत्तम. आकार देण्यासाठी तिच्या नादाला लागू नका.

हे सगळं करताना तोंडावर पूर्ण फेस शील्ड, नुसता चष्मा नाही. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, ओढणी नाही. शिसव आणि सागाच्या धुळीने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, श्वासाला त्रास होतो. मास्क लावा.

ठिगळं स्क्रेपरने जातच नसतील तर चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवा आणि फडक्याने त्या दोन जागांवर लावा. अर्धा तास सुकू द्या. लाख तंतूंना ताठ धरून ठेवते. मग नवी कड उठवून, वेग तोच ठेवून, अगदी केसाएवढा शेवटचा हात फिरवा. लाखेचा थर त्या हाताबरोबरच निघून जातो. त्यानंतर विजेरीत पुन्हा बघा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा दिसला तर रेस्ट काढून बाजूला ठेवा आणि थेट १८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करा. ८० नंबरची गरज पडणार नाही.